अळी एक, नावे चार: जैविक कीटकनाशकाच्या डब्यावर न लिहिलेली गोष्ट

हरभऱ्यावर आली की ती घाटेअळी, कपाशीवर हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. कीटकशास्त्राच्या लेखी ही चारही नावे एकाच कीटकाची आहेत: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. शेतकऱ्याच्या भाषेने मात्र प्रत्येक नावात पीक गुंफून ठेवले आहे. ती कोण आहे यापेक्षा ती काय खाते, हे त्या भाषेला अधिक महत्त्वाचे वाटले.

या भाषेत एक शास्त्रीय शहाणपण आहे, आणि जैविक कीटकनाशकांच्या चाचण्यांना ते अजून पुरते पचनी पडलेले नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘बीटी’, हे जगातील सर्वांत जास्त वापरले जाणारे जिवाणूजन्य कीटकनाशक. त्याच्या डब्यावर कुठे टक्केवारी असते, कुठे ‘आंतरराष्ट्रीय एककां’त दिलेली क्षमता असते. हा आकडा वाचणाऱ्याला वाटते की विष जेवढे, तेवढा परिणाम. गेल्या चार दशकांच्या संशोधनातून मात्र असे दिसते, की त्याच विषाची तीच मात्रा त्याच जातीच्या अळीवर वेगवेगळा परिणाम करू शकते, आणि हा फरक पुष्कळदा तिच्या पोटातल्या पानामुळे पडतो. मोजमापात हे पान जवळजवळ नसतेच. भारतासारख्या बहुपीक देशात ही उणीव क्षुल्लक मानता येणार नाही.

प्रथम हे विष काम कसे करते ते पाहू. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या एका रोगामागे हा जिवाणू आढळला. पुढे जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी थुरिंजिया प्रांतातून आलेल्या पिठातील पतंगाच्या अळ्यांतून तो वेगळा केला आणि १९१५ मध्ये त्या प्रांतावरूनच त्याचे नाव ठेवले. बीजाणू तयार होताना हा जिवाणू प्रथिनांचे स्फटिक बनवतो. हे स्फटिक स्वतः विषारी नसतात. अळीने पानाबरोबर ते गिळले की तिच्या मध्यांत्रातील तीव्र अल्कधर्मी रसात ते विरघळतात. मग आतड्यातील प्रथिने तोडणारी विकरे त्या मोठ्या रेणूचे तुकडे करतात आणि त्यातून खरे विष मोकळे होते. हे विष आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राही रेणूंना चिकटते, पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि आतड्याचे अस्तर फाटू लागते. अळी काही तासांत खाणे थांबवते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या जठरात ना तो अल्कधर्मी रस असतो, ना ते ग्राही, म्हणून हे विष सस्तन प्राण्यांना निरुपद्रवी मानले जाते.

या साखळीतील प्रत्येक कडी अळीच्या आतड्यात घडते, आणि ते आतडे कधीच रिकामे नसते. त्यात पानाचा चोथा असतो, पानातील टॅनिन असते, आम्ले असतात, विकरांना अडवणारी प्रथिने असतात, साखर आणि नत्र असते. स्फटिक विरघळणे, त्याचे तुकडे होणे, ग्राहीला चिकटणे आणि जखमी पेशींची दुरुस्ती होणे, या चारही पायऱ्यांवर हे घटक हात घालू शकतात. बीटी हे स्पर्शाने मारणारे विष नाही. ते जेवणातून जाणारे विष आहे. म्हणून त्या जेवणात आणखी काय आहे, या प्रश्नाचे उत्तर विषाच्या कामगिरीचाच एक भाग ठरते.

याचे नमुनेदार उदाहरण उत्तर अमेरिकेच्या जंगलांतले आहे. तिथे स्पंजी मॉथ या पतंगाच्या अळ्या ओकची पाने फस्त करतात आणि त्यांच्यावर बीटीची फवारणी होते. १९९४ मध्ये अॅपल आणि शुल्त्झ यांनी दाखवले, की ओकच्या पानांतील टॅनिनमुळे बीटीची परिणामकारकता घटते. टॅनिन प्रथिनांना चिकटणारा पदार्थ, आणि बीटीचे विष हे प्रथिनच. हीच अळी अॅस्पेन वृक्षावर गेली की चित्र पालटते. अॅस्पेनच्या पानांत टॅनिनबरोबर फिनॉलिक ग्लायकोसाइड नावाचा वेगळा रसायनसमूह असतो. विस्कॉन्सिनमधील लिंडरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हा समूह आणि बीटी मिळून अळीला अधिक मोठा फटका बसल्याचे दिसले. अळी तीच, विष तेच. एक झाड तिला आडोसा देते आणि दुसरे झाड तिच्यावर आणखी एक घाव घालते.

पिकांतही असेच घडते. अमेरिकेतील टोमॅटो आणि मका यांवर हेलिकोव्हर्पा आर्मिजेराची जवळची नातलग, हेलिकोव्हर्पा झिया, उपद्रव करते. १९९१ मध्ये लडलम, फेल्टन आणि डफी यांनी या अळीवर प्रयोग केले. टोमॅटोच्या पानांत आढळणारे क्लोरोजेनिक आम्ल आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकत्र आल्यास बीटीचा विषारीपणा वाढतो, असे त्यांना आढळले. एक वर्षाआधी मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते, की आतड्यातील विकरांना अडवणारी प्रथिने अगदी अल्प प्रमाणात मिसळली तरी बीटीची मारकता २ ते २० पटींनी वाढू शकते. अशी रोधक प्रथिने शेंगवर्गीय पिकांच्या बियांत भरपूर असतात. वरवर पाहता हा निष्कर्ष उलटा वाटतो, कारण विष मोकळे होण्यासाठी विकरे लागतातच. पण हीच विकरे विषाचे नको तितके तुकडेही करतात; ती थोडी अडवली की विष अधिक काळ टिकते, असा याचा अर्थ लावला जातो. उलट दिशेचे उदाहरण कपाशीचे. नॅव्हॉन, हेअर आणि फेडेरिसी यांनी १९९३ मध्ये तंबाखूवरील अळीवर केलेल्या प्रयोगांत कपाशीतील टॅनिनने ‘क्राय १ एसी’ या विषाची धार कमी केली. कपाशीचे टॅनिन हे तिचे स्वतःचे संरक्षण. पण माणसाने दिलेल्या संरक्षणाशी त्याचे जमत नाही.

भारतीय वाचकाला यातील सर्वांत जवळचे पीक म्हणजे हरभरा. जगात सर्वाधिक हरभरा भारतात पिकतो आणि घाटेअळी हा त्याचा प्रमुख शत्रू. या झाडाच्या पानांवर, देठांवर आणि घाट्यांवर बारीक ग्रंथी असतात; त्यांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. पहाटेच्या दवात मिसळलेले हे आंबट द्रव्य गावाकडे ‘आंब’ म्हणून ओळखले जाते. रात्री झाडांवर फडके अंथरून सकाळी ते पिळून साठवण्याची पद्धत जुनी आहे. ही आंब घाटेअळीला नकोशी असते आणि ज्या वाणांत ती अधिक, त्यांवर अळी कमी पोसते.

प्रश्न असा, की आतड्यात अल्कधर्मी रस हवा असलेले बीटी या आंबट पानावर कसे काम करेल? हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत, म्हणजे इक्रिसॅटमध्ये, सुरेखा देवी, हरीचंद शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा माग काढला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हरभऱ्याच्या पानांची वा घाट्यांची भुकटी मिसळलेल्या खाद्यावर बीटीची मारकता कमी दिसली. त्यांनी दोन शक्यता मांडल्या. पहिली ही, की आंबट खाद्य अळी कमी खाते, म्हणून विषही कमी पोटात जाते. दुसरी ही, की हरभऱ्यातील रसायने विषाशीच आंतरक्रिया करतात. त्याच अभ्यासातील दुसरे निरीक्षणही तितकेच महत्त्वाचे आहे: घाटेअळीला मुळातच तोंड देणाऱ्या वाणांनी आणि बीटीने मिळून अळीची वाढ आणि जगण्याचे प्रमाण अधिक खाली आणले. म्हणजे पान विषाला थोडे बोथट करते आणि त्याच वेळी अळीला अशक्तही करते. शेवटी हिशेब कुणाच्या बाजूने जाईल, हे वाणावर अवलंबून. ‘हरभऱ्यावर बीटी चालते का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, ‘कोणत्या हरभऱ्यावर?’ हा प्रतिप्रश्न विचारावाच लागतो.

हा प्रतिप्रश्न केवळ फवारणीपुरता उरत नाही. बीटीचे जनुक हरभऱ्यातच बसवण्याचे संशोधन जोरहाटच्या आसाम कृषी विद्यापीठासह काही ठिकाणी अनेक वर्षे चालू आहे. असे वाण उद्या शेतात येवो वा न येवो, ते तपासताना विष किती तयार होते एवढेच मोजून चालणार नाही. ते आंबेच्या सान्निध्यात किती काम करते, हे मोजावे लागेल.

कपाशीने हा धडा आधीच दिला आहे. भारतात व्यापारी लागवडीत असलेले एकमेव जनुकपरिवर्तित पीक म्हणजे बीटी कापूस. त्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या तीन वर्षांतच नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारातील बीटी संकरित वाणांत क्राय १ एसी हे विष झाडाच्या भागाप्रमाणे बदलत होते: पानांत सर्वाधिक, त्याखालोखाल पात्यांत, मग बोंडांत आणि फुलांत. बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजांडकोशात ते अपुरे होते, आणि बोंडअळीचा रोख नेमका याच भागांवर असतो. झाडाचे वय वाढेल तसे विष उतरत गेले, ग्रॅमला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली ते गेले की जगणाऱ्या अळ्यांची संख्या वाढू लागली. कोणत्या मूळ वाणात जनुक बसवले आहे, यावरही उतरण्याचा वेग ठरत होता.

यातील एक भाग सरळ प्रमाणाचा आहे: विष कमी, परिणाम कमी. पण ऑस्ट्रेलियातील ओल्सेन आणि डेली यांनी २००० मध्ये दाखवून दिले, की कथा तिथे संपत नाही. फळधारणेच्या अवस्थेतील कपाशीत विषाची घट तर असतेच, शिवाय वयस्क झाडातील रसायनांची विषाशी होणारी आंतरक्रियाही परिणाम खाली आणते. तेव्हा ‘बीटी कापूस’ ही एकच वस्तू नाही. पेरणीनंतर महिन्याभराचे कोवळे पान आणि साडेतीन महिन्यांचे बोंड या विषाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, जरी बियाण्याची पिशवी एकच असली तरी.

आता मोजमापाकडे येऊ, कारण वादाचा खरा मुद्दा तिथेच आहे. बीटीच्या क्षमतेचे आंतरराष्ट्रीय एकक ठरले, तेव्हा त्यासाठी एक प्रमाण नमुना निवडण्यात आला आणि चाचणीचा कीटक म्हणून कोबीवरील उंटअळी, ट्रायकोप्लुसिया नाय, घेण्यात आली. १९७१ च्या प्रमाण नमुन्याची क्षमता मिलिग्रॅमला १८,००० एकके आणि १९८० च्या नमुन्याची १६,००० एकके मानली गेली. नवे उत्पादन आले की कृत्रिम खाद्यावर वाढवलेल्या उंटअळ्यांवर त्याची या नमुन्याशी तुलना करायची आणि आकडा काढायचा. घाटेअळीच्या भारतीय प्रयोगशाळांतही चाचण्या बहुधा कृत्रिम खाद्यावरच होतात. त्या खाद्याचा पाया पुष्कळ ठिकाणी हरभऱ्याचे पीठ असतो, जोडीला यीस्ट, अगर, जीवनसत्त्वे आणि कुजणे रोखणारी द्रव्ये असतात. पीठ हरभऱ्याचे असले तरी त्यात पानावरची आंब नसते.

या पद्धतीवर सर्वांत थेट बोट ठेवणारा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. टेक्सासमधील डीन्स, बेमर, सॉर्ड आणि सहकाऱ्यांनी हेलिकोव्हर्पा झियाला वेगवेगळ्या प्रमाणात प्रथिने आणि कर्बोदके असलेले खाद्य देऊन क्राय १ एसीची मारकता मोजली. ही अळी मोकळी सोडली तर प्रथिनांकडे झुकणारे खाद्य निवडते आणि त्यावर उत्तम वाढते. नेहमीच्या चाचण्यांतील खाद्य मात्र बहुधा कर्बोदकांकडे झुकलेले असते. निम्म्या अळ्या मारण्यास लागणारी विषाची मात्रा या दोन खाद्यांत सुमारे १०० पटींनी वेगळी निघाली. अळीला मानवणाऱ्या खाद्यावर शंभरपट जास्त विष लागले. यात टॅनिन नव्हते, आम्ल नव्हते. केवळ पोषणाचा तोल बदलला होता. संशोधकांनी काढलेला निष्कर्ष गंभीर आहे: अळीच्या गरजेशी न जुळणाऱ्या खाद्यावरील चाचण्या तिची दुर्बलता फुगवून दाखवतात आणि तिच्यातील प्रतिकारक्षमता कमी लेखतात.

अळीच्या आतड्यातील जिवाणूंचाही इथे संबंध येतो. २००६ मध्ये ब्रोडरिक, राफा आणि हँडल्समन यांनी स्पंजी मॉथच्या अळ्यांना प्रतिजैविके देऊन आतडे जिवाणूमुक्त केले, तेव्हा बीटी निष्प्रभ झाले. जिवाणू परत आणताच मारकता परतली. दुसऱ्या काही कीटकांवर हाच निष्कर्ष टिकला नाही आणि त्यावर वाद झाला. पण घाटेअळीवर इक्रिसॅटमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिजैविके दिलेल्या अळ्यांवर बीटीचा परिणाम घटल्याचेच दिसले. आतड्यात कोणते जिवाणू नांदतील, हे बऱ्याच अंशी खाल्लेल्या पानावर ठरते. आणि कृत्रिम खाद्यात तर पुष्कळदा प्रतिजैविकेच घातलेली असतात. मोजमापाची पट्टीच इथे मोजायच्या वस्तूत ढवळाढवळ करते.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. प्रमाणित खाद्य वापरण्यामागे आळस नाही, शिस्त आहे. पान दर आठवड्याला बदलते. उन्हाने, खताने, पाण्याने, वाणाने बदलते. अशा बदलत्या पानावर मोजलेला आकडा फैजाबादला एक आणि कोइमतूरला दुसरा निघेल, मग दोन उत्पादनांची तुलना कशी करायची? शिवाय शेतातील बीटीच्या बहुतेक अपयशांची कारणे साधी असतात: फवारणी उशिरा झाली आणि अळ्या मोठ्या झाल्या, भर उन्हात फवारले आणि अतिनील किरणांनी विष नासले, पावसाने धुऊन नेले, दुकानात डबा उन्हात पडून होता. या साऱ्याचे खापर पानाच्या रसायनावर फोडणे अशास्त्रीय ठरेल.

हे मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही. प्रमाणित एकक ही पट्टी आहे आणि पट्टी स्थिरच असायला हवी. कुणी ती मोडायला सांगत नाही. मागणी आहे ती पट्टीच्या शेजारी दुसरे माप ठेवण्याची. कृत्रिम खाद्यावरचा आकडा दोन डब्यांची तुलना करण्यासाठी योग्य आहे. एका डब्याचे दोन पिकांवर काय होईल, हे सांगायला तो अपुरा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवणे ही खरी चूक. पान बदलते म्हणून ते मोजायचे नाही, हा तर्क उलटा आहे. ते बदलते म्हणूनच मोजायला हवे, आणि किती बदलते तेही नोंदवायला हवे.

हा वाद केवळ काटेकोरपणाचा असता तर तो प्रयोगशाळांवर सोडून देता आला असता. त्याचे दोन परिणाम प्रयोगशाळेबाहेर होतात.

पहिला परिणाम विश्वासाचा. जैविक कीटकनाशके रासायनिक विषांपेक्षा महाग पडतात, हळू मारतात आणि त्यांच्या बाजारात भेसळीच्या शंकेला कायम जागा असते. टोमॅटोवर चांगले चाललेले उत्पादन त्याच शेतकऱ्याच्या हरभऱ्यावर कमी चालले, की निष्कर्ष दोनच निघतात: डबा बनावट आहे, नाहीतर ‘जैविक’ हे सारे थोतांड आहे. मात्रा, वेळ किंवा वाण बदलून पाहण्याचा तिसरा मार्ग त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. मग तो रासायनिक फवारणीकडे वळतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होणाऱ्या नोंदणीत पीक आणि कीड यांची जोडी नोंदली जातेच. म्हणजे पिकाचे महत्त्व व्यवस्थेला तत्त्वतः मान्य आहे. पण त्या जोडीमागची माहिती, म्हणजे कोणत्या वाणावर, झाडाच्या कोणत्या वयात, किती मात्रेला किती अळ्या मेल्या, ही वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा परिणाम प्रतिकारक्षमतेचा, आणि तो अधिक खोल आहे. कीटकात विषाला दाद न देण्याची क्षमता येते तेव्हा तिची काही किंमतही त्याला मोजावी लागते: वाढ मंदावते, अंडी कमी होतात, थंडीत तग धरणे अवघड जाते. ही किंमत किती, हे पुन्हा पानावर ठरते. कॅनडातील जनमात आणि मायर्स यांनी २००५ मध्ये उंटअळीवर दाखवले, की रोप जितके कमी मानवणारे, तितकी प्रतिकारक्षम अळीला ही किंमत जास्त पडते. अॅरिझोनातील कॅरिएर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गुलाबी बोंडअळीबाबत असेच दाखवले: कपाशीतील गॉसिपॉल हे नैसर्गिक द्रव्य प्रतिकारक्षम अळ्यांना साध्या अळ्यांपेक्षा जास्त जाचक ठरते. याचा अर्थ असा, की योग्य वनस्पती जवळ असेल तर ती प्रतिकारक्षमतेच्या प्रसाराला लगाम घालू शकते.

भारताचा अनुभव या चौकटीत पाहण्यासारखा आहे. गुलाबी बोंडअळी जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर जगते. बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीचा आश्रयपट्टा लावण्याचा नियम कागदावर होता. शेतात तो फारसा पाळला गेला नाही. २००९ मध्ये गुजरातेत क्राय १ एसीला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळली आणि पुढे दोन विषे असलेल्या वाणांचाही तिच्यापुढे टिकाव लागेना. हेलिकोव्हर्पाच्या बाबतीत तसा सार्वत्रिक पराभव झाला नाही. त्याचे एक मोठे कारण तिच्या बहुभक्षी स्वभावात शोधले जाते: तूर, हरभरा, टोमॅटो, भेंडी आणि रानवनस्पती यांवर वाढलेल्या, बीटीशी गाठ न पडलेल्या पतंगांचा प्रवाह कपाशीकडे येत राहिला आणि प्रतिकाराची जनुके पातळ होत राहिली. आश्रयपट्टा शेतकऱ्याने लावला नाही, पण भारताच्या मिश्र शेतीने तो नकळत लावून दिला. जसजशी शेते एकपिकी होतील, किंवा ज्या पिकांनी हा आश्रय दिला त्यांच्यातच तेच विष बसवले जाईल, तसतशी ही फुकट मिळालेली ढाल झिजत जाईल. कोणत्या पिकावर बीटी किती काम करते, हे ठाऊक नसताना असा निर्णय घेणे म्हणजे डोळे मिटून विहिरीच्या काठावरून चालणे.

यावरचे उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. बीटीच्या प्रत्येक नोंदणीसाठी कृत्रिम खाद्यावरील चाचणीच्या जोडीला, ज्या पिकांसाठी परवानगी मागितली आहे त्या पिकांच्या पानांवरील आणि फळधारक भागांवरील चाचणी सक्तीची व्हावी. प्रत्येक पिकाचे किमान दोन वाण आणि झाडाच्या दोन अवस्था तीत असाव्यात. हे आकडे खुले असावेत. प्रतिकारक्षमतेवर लक्ष ठेवणाऱ्या चाचण्यांत अळीच्या नैसर्गिक पोषणाशी जुळणारे खाद्य वापरावे, नाहीतर धोक्याची घंटा उशिरा वाजेल. कडधान्यांचे वाण तयार करणाऱ्यांनी कीडरोधक वाण आणि बीटी यांची जोडी कशी जमते, हेही निवडीचा निकष म्हणून तपासावे. पाटनचेरूच्या अभ्यासाने दाखवले आहे, की अशी जोडी एकमेकांना पूरक ठरू शकते. मग फवारणीची मात्रा आणि खर्च दोन्ही कमी करण्याची वाट त्यातून निघू शकते.

विद्यार्थ्यांसाठी तर हा विषय उघड्या मैदानासारखा आहे. देशभरच्या कृषी महाविद्यालयांत बीटीची जैवचाचणी हे नेहमीचे प्रात्यक्षिक आहे. तिथे कृत्रिम खाद्याच्या पेल्यांशेजारी तुरीच्या, टोमॅटोच्या आणि स्थानिक हरभऱ्याच्या पानांच्या चकत्या ठेवायला मोठे अनुदान लागत नाही. काटेकोर नोंद लागते, पुनरावृत्ती लागते आणि ‘आकडा जुळला नाही’ म्हणून निकाल फेकून न देण्याची सवय लागते. न जुळणारा आकडा हा बहुतेकदा पानाचा संदेश असतो.

विषाची ताकद डब्यात असते ही समजूत रासायनिक युगाने रुजवली, आणि स्पर्शाने मारणाऱ्या विषांच्या बाबतीत ती बरीचशी चालूनही गेली. जैविक कीटकनाशक जिवंत नात्यांमधून काम करते: जिवाणू, अळी आणि वनस्पती या तिघांच्या भेटीत त्याचा परिणाम ठरतो. तिघांपैकी एकाला मोजणीतून वगळले, की उरलेले उत्तर अपुरे राहणारच. घाटेअळी, बोंडअळी, शेंगा पोखरणारी आणि फळ पोखरणारी अशी चार नावे देणाऱ्या शेतकऱ्याने त्या तिसऱ्याला कधीच वगळले नव्हते. नोंदणीच्या कागदांवरही आता त्याला जागा मिळायला हवी.